सोनारीचं मत आणि धाराशिवच्या रेघा

धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला परंडा तालुका आहे आणि त्या तालुक्यात सोनारी. काळभैरवनाथाचं गाव म्हणून ते मराठवाड्यात ठाऊक आहेच, पण सोलापूर-नगरकडचीही कितीतरी घराणी या भैरवनाथाला कुलदैवत मानतात. देवळाच्या परिसरात वानरांचा मुक्त संचार असतो, भाविकाच्या हातातलं खोबरं त्यांच्या नजरेतून सुटत नाही. चैत्रात इथं यात्रा भरते, चांगभलंचा गजर होतो आणि गावोगावहून लोक येतात. गेल्या चार लोकसभा निवडणुकांत इथलं मतदान नेमकं चैत्रातच झालं आहे. २३ एप्रिल २००९, १७ एप्रिल २०१४, १८ एप्रिल २०१९ आणि ७ मे २०२४. प्रत्येक वेळी पाडवा होऊन गेलेला आणि अक्षय्य तृतीया यायची होती. त्यामुळे लग्नसराई, यात्रा-जत्रा, ऊसतोडीवरून परतलेली बिऱ्हाडं, पाण्याचे टँकर आणि प्रचाराच्या गाड्या हे सगळं परंडा तालुक्यातला माणूस एकाच वेळी पाहतो.

सोनारीचं मत ज्या मतदारसंघात मोजलं जातं, त्याचं नाव निवडणूक आयोगाच्या दप्तरी २०२४ मध्येही ‘उस्मानाबाद’ असंच होतं. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, पण मतदारसंघाचं नाव परिसीमनाच्या आदेशातलं, म्हणून ते तसंच राहिलं. १९५२ ते २०२४ या काळात या मतदारसंघानं अठरा सार्वत्रिक निवडणुका पाहिल्या. पहिल्या दहा ओळीनं काँग्रेसनं जिंकल्या. नंतरच्या आठांत काँग्रेसला एकदाच यश आलं. हिशेब सोपा दिसतो, तरी त्यामागची गोष्ट फक्त पक्षांच्या चढउताराची नाही. मतदारसंघाची रेघ कुठून गेली आणि जागा कुणासाठी राखीव झाली, यानं इथला खासदार जितका ठरला, तितका एखाद्या लाटेनंही क्वचितच ठरला असेल.

पहिली रेघ निजामाच्या काळातली. सीना नदीच्या एका अंगाला परंडा, म्हणजे हैदराबाद संस्थान. नदीपलीकडे करमाळा आणि सरहद्दीबाहेरची बार्शी, म्हणजे इंग्रजी मुलूख. अलीकडे निजामाचा हाली रुपया चाले, पलीकडे इंग्रजांचा कलदार. बार्शी-करमाळ्याकडच्या निदान काही लोकांनी, म्हणजे शेतसारा भरणाऱ्या आणि शिकलेल्या मंडळींनी, १९३७ आणि १९४६ मध्ये मुंबई प्रांताच्या विधिमंडळासाठी मतदान केलं होतं. परंड्याच्या रयतेला तोवर मत देणं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरल्या आणि १७ सप्टेंबरला संस्थान विलीन झालं. त्यानंतर चारच वर्षांच्या आत याच रयतेच्या हातात मतपत्रिका आली. सरहद्दीपलीकडे ज्या हक्काच्या पायऱ्या कित्येक दशकांत बांधल्या गेल्या, तो इकडे एका झेपेत मिळाला. या मतदारसंघाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना म्हणायला हवी. नंतरच्या कोणत्याही निकालाला तिची सर येणार नाही.

१९५२ च्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि तिच्यावर त्याचं चिन्ह डकवलेलं असे. मतदारानं शिक्का मारायचा नव्हता, कागद हव्या त्या पेटीत टाकायचा होता. अक्षरओळख नसलेल्या माणसाला काँग्रेसच्या बैलजोडीची पेटी मात्र लगेच ओळखता येई. उस्मानाबादहून काँग्रेसचे राघवेंद्रराव दिवाण लोकसभेत गेले. तेव्हा हा भाग हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५७ मध्ये व्यंकटराव नळदुर्गकर निवडून आले, तेही काँग्रेसचेच. पश्चिम महाराष्ट्रात त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्र समितीनं काँग्रेसला जेरीस आणलं होतं. मराठवाड्यात तसं झालं नाही. निजामाच्या राज्यातून सुटून मराठी मुलखाशी जोडलं जाणं हीच इथल्या अनेकांना मोठी मिळकत वाटत होती.

विरोधाचा आवाज इथं नव्हता असं मात्र नाही. तो होता भाई उद्धवराव पाटलांचा. वकील, हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते आणि शेतकरी कामगार पक्षाचे नेते. १९५२ मध्ये ते उस्मानाबादहून हैदराबादच्या विधानसभेत निवडून गेले होते. कुळांचा प्रश्न असो, दुष्काळ असो की मराठवाड्याचा अनुशेष, त्यांचं भाषण ऐकायला सत्ताधारी बाकंही थांबत, अशी त्यांची ख्याती होती. जिल्ह्याला एवढा मोठा संसदपटू लाभला, पण उस्मानाबादच्या नावानं तो लोकसभेत कधी बसला नाही. ते लोकसभेत गेले ते शेजारच्या लातूरमधून. ही जिल्ह्याची हानीच होती.

१९६२ मध्ये दुसरी रेघ पडली आणि लातूर हा वेगळा मतदारसंघ उभा राहिला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं, त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो थेट ऑगस्ट १९८२ मध्ये. म्हणजे एका जिल्ह्यात दोन खासदार अशी स्थिती वीस वर्षं होती. लातूर अनुसूचित जातींसाठी राखीव आणि उस्मानाबाद खुला. खुल्या उस्मानाबादमधून तुळशीराम पाटील १९६२, १९६७ आणि १९७१ असे सलग तीन वेळा निवडून आले. पहिल्या दोन वेळा बैलजोडीवर आणि तिसऱ्या वेळी, काँग्रेस फुटल्यानंतर, गायवासरावर.

मग १९७७ आलं. १९७१ च्या जनगणनेनुसार नवं परिसीमन झालं होतं आणि राखीव जागेची अदलाबदल झाली. लातूर खुला झाला, उस्मानाबाद राखीव. उद्धवराव पाटलांचा उस्मानाबाद शहराशी आयुष्यभराचा संबंध, पण घरची जागा राखीव झालेली. ते लातूरमधून उभे राहिले आणि जिंकले. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत मराठवाड्यानं काँग्रेसला जवळपास हद्दपार केलं. औरंगाबादला बापूसाहेब काळदाते, जालन्याला पुंडलिक हरी दानवे, नांदेडला केशवराव धोंडगे, बीडला कॉम्रेड गंगाधर बुरांडे, परभणीत शेकापचे शेषराव देशमुख, हिंगोलीत जनता पक्ष, लातुरात उद्धवराव. आठपैकी सात जागा गेल्या. आठवी राहिली ती उस्मानाबाद. तिथून काँग्रेसचे तुकाराम शृंगारे निवडून आले.

त्या निकालाकडे आज फारसं कुणी वळून पाहत नाही, पण पाहायला हवं. मराठवाडाभर वारं उलटं फिरलेलं असताना हा एकच मतदारसंघ का टिकला? एक कारण असं की विरोधकांचा इथला सर्वांत वजनदार माणूस नव्या रेघेनं शेजारी नेला होता. दुसरं कारण गावातल्या रचनेत सापडतं. सोसायटी, पंचायत समिती, जिल्हा परिषद, जिल्हा बँक, ढोकीचा तेरणा साखर कारखाना ही सगळी यंत्रणा काँग्रेसच्या हातात होती. कर्ज, खत, उसाची नोंद आणि मतदानाच्या दिवसाची गाडी याच यंत्रणेतून येई.

१९७७ ते २००४ या काळात नऊ निवडणुका राखीव जागेवर झाल्या. १९८० मध्ये त्र्यंबक सावंत, मग १९८४, १९८९ आणि १९९१ अशा तीन वेळा अरविंद कांबळे. १९८९ मध्येही मराठवाड्याच्या निम्म्याहून अधिक जागा विरोधकांकडे गेल्या, उस्मानाबाद मात्र पुन्हा काँग्रेसच्या पंजाबरोबरच राहिलं. या काळाबद्दल जिल्ह्यात आजही एक बोलणं ऐकू येतं की खासदार दिल्लीत असायचा आणि जिल्हा दुसरेच चालवायचे. हे बोलणं त्या खासदारांवर अन्याय करणारं आहे. दोष त्यांचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त. विधानसभेच्या खुल्या जागा, कारखाने आणि बँका ज्यांच्याकडे होत्या, त्यांच्याच पाठबळावर राखीव जागेचा उमेदवार ठरे. १९७८ पासून उस्मानाबाद विधानसभेत तेरचे डॉ. पद्मसिंह पाटील निवडून येऊ लागले आणि पुढची तीन दशकं जिल्ह्याचं राजकारण त्यांच्याभोवती फिरत राहिलं. दलित समाजाला लोकसभेत जागा मिळाली, हे राज्यघटनेचं मोठं देणं. पण त्या जागेला जिल्ह्यात आवश्यक ती ताकद मिळू दिली गेली नाही, हेही तितकंच खरं.

याच काळात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उगवली. औसा तालुक्यातलं किल्लारी आणि तेव्हाच्या उमरगा तालुक्यातलं सास्तूर ही दोन गावं भूकंपाच्या केंद्रस्थानी होती. सुमारे दहा हजार माणसं गेली. ही दोन्ही ठिकाणं आजच्या मतदारसंघात येतात. पुनर्वसनाची नवी गावं, सरळ रस्ते आणि पत्र्याची तात्पुरती घरं यांनी इथल्या मतदाराला सरकार पहिल्यांदा इतक्या जवळून दाखवलं.

१९९६ मध्ये चव्वेचाळीस वर्षांची साखळी तुटली. शिवसेनेचे शिवाजी कांबळे विजयी झाले. आदल्याच वर्षी विधानसभेत परंड्यानं शिवसेनेच्या ज्ञानेश्वर पाटलांना निवडून दिलं होतं, म्हणजे वारं बदलल्याचं सोनारीच्या परिसरात आधीच कळून चुकलं होतं. कारखाना, बँक, सोसायटी यांतलं काहीच हातात नसलेली पोरं शाखेच्या पाटीखाली जमली होती. गावातल्या जुन्या वाड्याला आव्हान द्यायला त्यांना धनुष्यबाण मिळाला. १९९८ मध्ये राज्यभर काँग्रेस परतली तसे अरविंद कांबळेही परतले. १९९९ मध्ये काँग्रेस फुटली, राष्ट्रवादी वेगळी लढली आणि शिवाजी कांबळे पुन्हा जिंकले. २००४ मध्ये शिवसेनेच्या कल्पना नरहिरे राष्ट्रवादीच्या लक्ष्मण ढोबळेंविरुद्ध दोन हजारांहूनही कमी मतांनी विजयी झाल्या. तुळजाभवानीच्या या मुलखातून लोकसभेत पोहोचलेली ती पहिली आणि आजवरची एकमेव महिला. वीस वर्षांनी अर्चना पाटील यांच्या रूपानं आणखी एक महिला प्रमुख उमेदवार झाली, पण ती हरली. अठरा निवडणुकांत एक हे प्रमाण कोणत्याही पक्षाला शोभणारं नाही.

२००८ मध्ये न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाचं परिसीमन लागू झालं आणि १९७७ ची अदलाबदल उलटी फिरली. लातूर राखीव झाला आणि उस्मानाबाद खुला. आजचा मतदारसंघ तीन जिल्ह्यांत पसरला आहे. लातूरचा औसा, सोलापूरची बार्शी आणि मधे उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद, परंडा. जागा खुली होताच जिल्ह्यातली खरी सत्ता ज्यांच्याकडे होती ते स्वतः मैदानात उतरले. २००९ मध्ये राष्ट्रवादीकडून पद्मसिंह पाटील आणि शिवसेनेकडून उमरग्याचे रवींद्र गायकवाड. पाटील जिंकले ते अवघ्या ६,७८७ मतांनी.

या आकड्यामागे एक जखम होती. पद्मसिंहांचे चुलतबंधू पवनराजे निंबाळकर हे एकेकाळी त्यांचा उजवा हात मानले जात. पुढे दोघांचं फाटलं. २००४ च्या विधानसभेत पवनराजे अपक्ष म्हणून त्यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि पाचशेच्याही आत मतांनी हरले. ३ जून २००६ रोजी कळंबोलीजवळ पवनराजेंचा गोळ्या घालून खून झाला. तपास सीबीआयकडे गेला आणि पद्मसिंह खासदार झाल्यावर महिनाभराच्या आत, जून २००९ मध्ये, त्यांना या प्रकरणी अटक झाली. आरोप त्यांनी नाकारले, पुढे जामिनावर ते बाहेर आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पवनराजेंचे चिरंजीव ओमराजे यांनी उस्मानाबाद विधानसभेत पद्मसिंहांचे चिरंजीव राणाजगजितसिंह यांचा पराभव केला. तेव्हापासून मतदारसंघाची प्रत्येक निवडणूक या दोन घरांच्या आठवणीतून जाते.

२०१४ मध्ये मोदी लाटेत रवींद्र गायकवाड २,३४,३२५ मतांनी जिंकले, समोर पुन्हा पद्मसिंहच होते. गायकवाडांचं नाव मार्च २०१७ मध्ये देशभर झालं ते एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेनं मारल्यामुळे. विमान कंपन्यांनी त्यांना प्रवासबंदी केली. जिल्ह्याचा दुष्काळ जितक्या वेळा राष्ट्रीय बातम्यांत आला नाही, तितक्या वेळा ती चप्पल आली. २०१९ मध्ये शिवसेनेनं त्यांना डावलून ओमराजेंना उमेदवारी दिली आणि समोर होते राणाजगजितसिंह. ओमराजे १,२७,५६६ मतांनी जिंकले. वंचित बहुजन आघाडीचे अर्जुन सलगर यांनी ९८ हजारांहून अधिक मतं घेतली, तेही नोंदवायला हवं. दोन घरांच्या बाहेरही इथं मोठा मतदार आहे. त्यानंतर काही महिन्यांतच राणाजगजितसिंह भाजपमध्ये गेले आणि तुळजापूरचे आमदार झाले.

२०२४ ची लढत मराठवाड्यातल्या कुणाही म्हाताऱ्याला चक्रावून टाकणारी होती. धनुष्यबाण एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेकडे, पण जागा अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडे. म्हणून १९९६ पासून प्रत्येक वेळी दिसलेला धनुष्यबाण मतदान यंत्रावर नव्हताच. महायुतीच्या उमेदवार झाल्या राणाजगजितसिंहांच्या पत्नी अर्चना पाटील. त्यासाठी त्या राष्ट्रवादीत आल्या, पती भाजपमध्येच राहिले. ओमराजे फुटीनंतरच्या दुसऱ्या शिवसेनेचं चिन्ह, मशाल, घेऊन उभे होते. ३० एप्रिलला पंतप्रधान मोदींची धाराशिवला सभा झाली. निकाल लागला तेव्हा ओमराजेंना ७,४८,७५२ आणि अर्चना पाटलांना ४,१८,९०६ मतं होती. फरक ३,२९,८४६ चा, राज्यातल्या सर्वांत मोठ्या मताधिक्यांपैकी एक. सोयाबीनचा पडलेला भाव, मराठा आरक्षणाचं आंदोलन, पक्ष फोडल्याचा राग आणि फोन उचलणारा खासदार अशी ओमराजेंची ओळख, या सगळ्यांचा तो एकत्रित परिणाम होता.

सोनारीकडून पाहिलं तर या निकालाची आणखी एक बाजू दिसते. गावाच्या शिवारात भैरवनाथ शुगर वर्क्सचा कारखाना उभा आहे. तो आहे तानाजी सावंत यांच्या उद्योगसमूहाचा. सावंत मूळचे सीनेपलीकडच्या माढा तालुक्यातले, २०१९ पासून परंड्याचे आमदार, २०२२ ते २०२४ या काळात राज्याचे आरोग्यमंत्री आणि जिल्ह्याचे पालकमंत्री होते. जागा राष्ट्रवादीला गेल्याची नाराजी त्यांच्या समर्थकांनी लपवली नव्हती. मंत्री महायुतीत असूनही परंडा विधानसभा क्षेत्रानं मशालीला भरघोस मताधिक्य दिलं. आणि सहाच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, याच मतदारांनी सावंतांना परत विधानसभेत पाठवलं, राष्ट्रवादी शरद पवार गटाच्या राहुल मोटेंपेक्षा १,५०९ मतं जास्त देऊन. ऊस कुठं जातो आणि मत कुठं जातं, हे दोन वेगळे हिशेब असल्याचं परंड्याच्या शेतकऱ्यानं त्या वर्षी लोकसभेला दाखवलं. सत्तरच्या दशकात असं घडणं कठीण होतं.

इतक्या खासदारांच्या यादीसमोर प्रश्नांची यादी ठेवली की मन खट्टू होतं. कृष्णा-मराठवाडा प्रकल्पातून २३.६६ टीएमसी पाणी मिळायचं, त्यातलं पहिल्या टप्प्यातलं सात टीएमसी उजनीमार्गे धाराशिव आणि बीडकडे यायचं, हे आश्वासन दोन दशकं प्रत्येक सभेत ऐकू आलं. सीना-कोळेगावचं धरण परंडा तालुक्यातच आहे, पण पावसानं दगा दिला की त्यातही टिपूस राहत नाही. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेची मागणी तर आजोबांनी केली आणि नातवांनी पुन्हा केली. मंजुरी मिळाली ती २०१९ च्या निवडणुकीच्या तोंडावर. पक्ष कोणताही असो, पाण्याच्या आणि रुळाच्या बाबतीत या मतदारसंघाला वाट पाहावी लागली आहे.

आता पुढची रेघ येऊ घातली आहे. लोकसभेच्या जागांची राज्यवार संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली आहे आणि ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतची आहे. त्यानंतरच्या परिसीमनात जागा वाढतील का, परंडा धाराशिवबरोबर राहील की बार्शी-करमाळ्याशी जोडला जाईल, जागा पुन्हा राखीव होईल का, औसा लातूरला जोडला जाईल का, हे सगळं नव्यानं ठरेल. २००८ मध्ये रेघ बदलली तेव्हा परंड्याच्या गावागावांत त्याची चर्चा झाली ती आदेश निघाल्यानंतर. परिसीमन आयोग आधी मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो आणि जाहीर सुनावण्या घेतो. अंतिम आदेशाला मात्र राज्यघटनेच्या ३२९ व्या कलमानुसार सहसा न्यायालयात आव्हान देता येत नाही. म्हणून परंडा, भूम आणि वाशी तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींनी, वकिलांनी आणि महाविद्यालयातल्या पोरांनी या वेळी मसुदा निघताच तो वाचावा, आपल्या तालुक्याचं म्हणणं लेखी द्यावं आणि सुनावणीला हजर राहावं.